रबरावरचं कवच

६ जानेवारी. जेवणाची सुट्टी संपल्यावर

आज हरलो. कारण बॅट.

हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण तळघरात जमलेल्या मंडळींचा समज वेगळा झालेला दिसला.

आमच्या विमा कंपनीच्या तळघरात, जुन्या फायलींच्या रॅकांमध्ये टेबल टेनिसचं टेबल आहे. डाव्या कोपऱ्यात चहाच्या किटलीचा गोल डाग. त्यावर पडलेला बॉल उसळत नाही. डोक्यावरून पाण्याचा पाइप. अशा परिस्थितीत मी इतकी वर्षं कॅशियरचा डबल्समधला जोडीदार आहे. दर वर्षी आम्ही आंतरशाखा स्पर्धेत उतरतो आणि दर वर्षी पहिल्या फेरीत परततो. सातत्य आहे.

एप्रिलअखेर कॅशियर रिटायर होतायत. म्हणजे मार्चची स्पर्धा त्यांची शेवटची. एकदा तरी तो चषक कॅशच्या खिडकीत ठेवून बघायचाय, असं ते आज सहज म्हणाले आणि माझ्या बॅटकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं असं इतरांना वाटलं.

बॅट लेकीच्या शाळेच्या दिवसांतली. रबर चपलेच्या तळासारखं. एका कडेला दातांच्या खुणा; कोणाच्या ते घरात कोणी कबूल करत नाही.

ठराव: साधन बदलणे. तंत्र मागून येईल.

७ जानेवारी

कॅशियरना ठराव कळवला. ते म्हणाले, शास्त्रीबुवा, आधी मनगट आवरा, मग बॅट बदला. (मी कॉलेजात संस्कृत घेतलं होतं, त्याची शिक्षा या ऑफिसात अजून चालू आहे.) मनगटाचं दुकान नाही, बॅटचं आहे, असं मी सुनावलं. हशा झाला. हशा माझ्या बाजूने होता.

१२ जानेवारी, रविवार

दुकान. सोबत लेक.

दुकानदाराने किती वर्षं खेळताय ते विचारलं. सांगितलं. शिकून खेळता की असंच, असं त्याने विचारलं. असंच हेही एक घराणं आहे, असं मी म्हणालो. त्याने हूं केलं आणि एक साधीशी बॅट पुढे सरकवली. तिच्या मुठीवर 'कंट्रोल' असं छापलेलं. म्हणे हिची फळी सावकाश आहे, बॉल हिच्यावर क्षणभर थांबतो, त्यामुळे स्ट्रोक कुठे चुकला ते हाताला कळतं आणि हात शिकतो. माझा हात शिकलेला आहे, बॉल शिकलेला नाही, हे त्याला समजावलं. शिवाय कंट्रोल ज्याला आवरावं लागतं त्याच्यासाठी.

कार्बनची घेतली. फळीत कार्बनचा थर असतो, वेग येतो. दुकानातली सर्वांत वेगवान. लेक म्हणाली, बाबा, तुला सायकल येत नाही म्हणून तू विमान घेतोयस. विमानाला सायकल यावी लागत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

१३ जानेवारी

कार्बनचा वेग खरा आहे. इतका की बॉल टेबलाला न विचारताच पलीकडे जातो. आज तो वारंवार 'मृत्यू दावे' या रॅकच्या मागे गेला. टेबल दिसतंय ना, अशी चौकशी कॅशियरनी केली. टेबल दिसतंय, पण ते आखूड आहे. या बॅटच्या तोलाचं टेबल आपल्याकडे नाही, हे व्यवस्थापनाला कळवायला हवं.

स्कोअर या वहीत नोंदवायचा नाही असं ठरवलं. आकड्यांनी दृष्टी संकुचित होते.

२० जानेवारी

कॉम्प्युटर विभागात एक मुलगी रुजू झाली आहे. सगळे तिला नवी म्हणतात. कॅशियरनी तिला खेळायला बोलावलं. स्वतःची बॅट घेऊन आली. बॅट पिशवीत, पिशवी डब्यात. खेळण्याआधी ओल्या स्पंजने रबर पुसलं. लहानपणापासून क्लबात शिकली आहे म्हणे. पाय सारखे हलवते. मी पाय हलवत नाही. बॉल आपल्याकडे येणार असेल तर येईल, अशी माझी भूमिका आहे.

ती टॉपस्पिन मारते. टॉपस्पिनला मी ऊर्ध्वभ्रमण म्हणतो. ते ऊर्ध्वभ्रमण टेबलावर टेकलं आणि थेट माझ्या चष्म्याकडे आलं. सर, लागलं का, असं तिने विचारलं. लागलं नाही, मी चष्म्याने अडवलं, असं मी सांगितलं.

कॅशियर तिचा खेळ बघत होते. मिठाईच्या काचेला नाक लावून मुलं बघतात, तसे.

२२ जानेवारी

कॅशियर खिडकी बंद करून माझ्या टेबलाशी आले. असे ते कधी येत नाहीत. पेपरवेट उचललं, ठेवलं, उचललं. मग म्हणाले, शास्त्रीबुवा, राग मानू नका, तुमची सोबत आहेच, पण शेवटचं वर्ष आहे, तेव्हा फेब्रुवारीत तुम्ही आणि नवी एक मॅच खेळा, जो जिंकेल तो माझ्याबरोबर.

मी म्हणालो, छे, राग कसला.

आला.

मी पत्रव्यवहार विभागात आहे. नाराज ग्राहकांना उत्तरं लिहितो. 'आपल्या पत्राचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि,' हे वाक्य या कंपनीत मी रुजवलं. ते 'तथापि' आज प्रथमच समोरून ऐकलं. वाटतं तितकं सौम्य नाहीये ते.

नवी जिंकणार नाही. हा अंदाज नव्हे, निर्णय.

३ फेब्रुवारी

सकाळी आरशासमोर सराव. आरशातला माणूस डावखुरा, आणि तरी बरा खेळतो. तसं बायकोला म्हणालो. अहो, मग त्यालाच पाठवा ना ऑफिसात, असं ती म्हणाली आणि फुलदाणी उचलून आतल्या खोलीत ठेवली. फुलदाणीला अद्याप काहीही झालेलं नव्हतं.

मूळ दोष सापडला. फळी उत्तम आहे. रबर कमी पडतं. तिला आपल्यावर विश्वास ठेवणारं रबर हवं.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा दुकान. या वेळी एकटा.

चिकट रबर मागितलं. दुकानदाराने एक तुकडा बॉलवर टेकवून उचलला, तर बॉल खाली लोंबकळत राहिला. सुटेना! अशी निष्ठा माणसांत दिसत नाही. तो म्हणाला, साहेब, हे तुमच्या फळीवर म्हणजे फार होईल, हे सांभाळायला फार अनुभवी हात लागतो. बरोबर माणसाशी बोलताय, असं मी सांगितलं. चिकटवून देतो म्हणाला, ते नाकारलं. धुळीपासून जपा, धूळ बसली की हे रबर मेलं, असं त्याने बजावलं. पटलं.

घरी जेवणाच्या टेबलावर सोहळा केला. लाल एका बाजूला, काळं दुसऱ्या. दोन्हींवर वरून एक पारदर्शक पातळ कवच आहे, काचेसारखं नितळ. बनवणाऱ्याने विचार करून दिलेलं.

लेक म्हणाली, बाबा, ते प्लास्टिक काढायचं असतं.

या घरात काढायची घाई फार. रिमोटचं काढलं, आवाजाचं बटण गेलं. सोफ्याचं काढलं, महिन्यात शाई सांडली. फ्रिजच्या दांड्यावरचं तेवढं शाबूत आहे, कारण त्यावर मी नजर ठेवून असतो. आणि मुळात, कवच काढून दिल्याने कोणाचं भलं झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

निदान खेळताना तरी काढ, असं ती म्हणाली. म्हणजे रेनकोट घरात घालायचा आणि पावसात काढायचा! कवचासकट कडेने काळी पट्टी घट्ट गुंडाळून टाकली. आता वाद मिटला.

१० फेब्रुवारी

आज लाल शाईने लिहितोय. आनंदाने.

जिंकलो. एकदा नव्हे. समोरचे जोरात मारतात, मी बॅट आडवी धरतो, बॉल परत जातो आणि त्यांचा पुढचा फटका जाळ्यात. काही काळ ते जाळ्याला दोष देत होते. मग टेबलाला. मग एकाने स्वतःची बॅट उलटीपालटी करून पाहिली.

बॅटला दोष देणारी माणसं पाहिली की गंमत वाटते.

२१ फेब्रुवारी

नवीविरुद्ध मॅच. अख्खं तळघर भरलेलं. रॅकवरसुद्धा एक जण बसला होता.

जिंकलो.

तिचं ऊर्ध्वभ्रमण आलं तसं परत गेलं, फक्त शांत होऊन. ती टेबलाजवळ येऊन म्हणाली, सर, मला कळतच नाहीये, बॉल तुमच्याकडून येतो तेव्हा मेलेला असतो. याला शांतरस म्हणतात, असं मी सांगितलं. बॅट बघू का, असं तिने विचारलं. हात लागला की रबर बिघडतं, म्हणून नकार दिला. ती बरं म्हणाली आणि जिन्याने वर गेली. आपला स्पंज विसरून.

कॅशियरनी हस्तांदोलन केलं. बॅट मात्र त्यांनी घेतलीच. दिव्याखाली तिरकी धरली, रबरावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं, बॅट परत दिली. भारावले असावेत.

३ मार्च

तंत्राविषयी एक छोटं पुस्तक लिहावं असा विचार आहे. पहिलं प्रकरण: मनगट, एक गैरसमज.

नवीला तिचा स्पंज परत केला आणि पाय कमी हलवण्याचा सल्ला दिला. तिने तो लिहून घेतला. शिकण्याची तयारी आहे, एवढं म्हणता येईल.

बायकोने विचारलं, चषक कुठे ठेवणार. कॅशच्या खिडकीत, म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं, इथे पुसणार कोण.

२२ मार्च, शनिवार

स्पर्धा. मोठा हॉल, गुळगुळीत जमीन, वर पाइप नाही. एक क्षण चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

पहिली फेरी पार! इतिहासात प्रथम. कॅशियर दुसऱ्या फेरीसाठी तयारच नव्हते. त्यांनी डबा पहिल्या फेरीनंतर खायचा म्हणून आणला होता. मग तो तसाच ठेवून खेळलो. दुसरीही पार. सेमीफायनलही.

आमची पद्धत बसली आहे. मी शांतरस पाठवतो, समोरच्याचा गोंधळ उडतो, बॉल उंच येतो, कॅशियर तो हाणतात. या वयात त्यांचा हात असा चालतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांच्यापर्यंत हाणण्याजोगा बॉल यापूर्वी कधी पोचला नसावा.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. उद्या फायनल आहे, असं सांगितलं. पलीकडून तीनदा विचारलं गेलं असावं, कारण त्यांनी तीनदा सांगितलं. नवी टाळ्या वाजवायला आली होती. सर्वांत मोठ्याने तीच ओरडत होती.

२३ मार्च, रविवार

फायनलआधी एकमेकांना बॅट दाखवायची पद्धत आहे. ही पद्धत मला कोणी सांगितली नव्हती. कालही कोणी पाळली नव्हती.

समोरच्या जोडीतल्या टकल्याने माझी बॅट घेतली. नखाने खरवडली. पुन्हा खरवडली. जोडीदाराला दाखवली. मग पंचाला.

पंच म्हणाला, साहेब, हे काय आहे. कवच, असं मी म्हणालो. तो म्हणाला, प्लास्टिक आहे, काढायचं असतं.

माझ्या लेकीचंच वाक्य. कुठे शिकवतात कोण जाणे.

मी नियम मागितला. त्याने नियम दाखवला. नियमाची भाषा ढिसाळ आहे, पण अर्थ दुर्दैवाने स्पष्ट होता: रबर उघडं हवं. काढून खेळा नाहीतर सोडून द्या, असं तो म्हणाला. त्याने चाकूने पट्टी कापली आणि कवच ओढलं. अख्ख्या हॉलभर आवाज गेला. मग दुसऱ्या बाजूचं. आतलं रबर बघून तो म्हणाला, अरे, हे तर अजून जन्मालाच आलं नव्हतं.

नवी पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. नुसतं, हं, म्हणून प्लास्टिकवर स्पिन मरत होती, असं म्हणाली, गणित सुटल्यावर म्हणतात तसं.

मग खेळलो. त्या रबराला इतक्या दिवसांचं साठलं होतं. समोरून आलेलं ऊर्ध्वभ्रमण त्याने धरलं, मनाला वाटेल तसं फिरवलं आणि सोडून दिलं. एक बॉल स्कोअरबोर्डवर. एक पंचाच्या खिशाजवळ. एक पंख्यावर, आणि तो पंखा चालू होता. मी मनगट आवरायचा प्रयत्न केला. तोवर ते कार्बनच्या ताब्यात गेलं होतं. कॅशियर हाणायला हात उगारून उभे राहत. त्यांच्यापर्यंत काही पोचलं नाही. जुने दिवस परत आले.

स्कोअर नोंदवत नाही.

परतताना बसमध्ये शेजारी बसलो. चषक नव्हता, त्यामुळे जागा पुरली. मी पंचाची वृत्ती, हॉलचा उजेड, पंख्याची जागा यांविषयी बोललो. मग विषय संपले. तेव्हा कॅशियर म्हणाले, मला माहीत होतं.

कधीपासून, असं मी विचारलं. म्हणाले, नवीशी खेळलात त्या दिवसापासून. अहो, उभा जन्म नोटांवर अंगठा फिरवतोय, प्लास्टिक कळणार नाही का.

मग बोलला का नाहीत.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, बोललो असतो तर मॅच पुन्हा झाली असती आणि तुम्ही हरला असता. मी म्हटलं, मग नवी आली असती, चषक आला असता. ते म्हणाले, आला असता हो. मी ती मॅच ठरवली आणि त्या दिवसापासून डबा घशाखाली उतरेना. इतकी वर्षं पहिल्या फेरीत तुमच्याबरोबर बाहेर पडायचं आणि शेवटच्या वर्षी फोटोत भलत्याचबरोबर उभं राहायचं, हे काही जमेना बुवा. मग तुम्ही जिंकलात आणि ते प्लास्टिक फक्त माझ्याच हाताला लागलं. म्हटलं, चला, सुटलो.

काल तीन मॅच झाल्याच की, असं ते म्हणाले, कधी झाल्या होत्या का?

मग म्हणाले, वाईट एवढंच वाटतं, त्या पोरीचं.

२४ मार्च

नवीला लिहायला बसलो. 'आपल्यावर झालेल्या अन्यायाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि,' इथे पेन थांबलं. पुढे लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. 'तथापि' खोडलं. मग बाकीचंही खोडावं लागलं, कारण ते त्याच्याच आधारावर उभं होतं.

दुपारी वर गेलो आणि सरळ सांगितलं: तुझी जागा प्लास्टिकने घेतली. मला मान्य आहे. तिने विचारलं, सर, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? म्हटलं, सांगितलं होतं एकाने, पण घरातलंच माणूस होतं. यावर ती इतकी हसली की शेजारच्या टेबलवाल्याने हेडफोन काढला. मग डोळे पुसून म्हणाली, चला खाली, आता प्लास्टिकशिवाय खेळू.

खेळलो.

स्कोअर नोंदवत नाही. फार लहान होता. नोंदवायला जागाही लागली नसती.

६ एप्रिल

टेबल टेनिसच्या संघटनेला सविस्तर पत्र पाठवलं. मागणी: हौशी खेळाडूंना वयाच्या एका टप्प्यानंतर कवचासकट खेळण्याची मुभा असावी. मुद्दे पाच. भाषा धारदार. झुकणार नाही.

२५ एप्रिल

संघटनेचं उत्तर. सूचनेचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला आहे. तथापि.

मसुदा चांगला आहे. स्वल्पविराम योग्य जागी.

३० एप्रिल. संध्याकाळ

कॅशियर रिटायर झाले.

भाषणं झाली. माझंही झालं. संस्कृत घालू नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे ते आटोपशीर झालं. मग त्यांनी कॅशची खिडकी शेवटची बंद केली आणि आम्ही तिघं खाली गेलो: ते, मी आणि नवी. ते दोघं खेळले. मी 'मृत्यू दावे'च्या मागून बॉल काढून देत होतो. तिथली वाट मला जास्त ठाऊक आहे. त्यांच्यापर्यंत हाणण्याजोगे पुष्कळ बॉल पोचले. एकेक हाणल्यावर ते माझ्याकडे बघत.

नवीने एक प्रस्ताव मांडला आहे. सर, रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर उभे राहाल का. काही मारायचं नाही, मनगट अजिबात हलवायचं नाही, नुसता बॉल परत टाकायचा. तुम्हालाही येईल हळूहळू. पुढच्या वर्षीच्या डबल्सचं तिने काही काढलं नाही. मीही नाही. विचार करून कळवतो, असं सांगितलं. हो म्हणायला इतका वेळ लावायचं कारण नव्हतं, पण मी पत्रव्यवहार विभागात आहे.

निघताना कॅशियरनी त्यांची बॅट माझ्या हातात दिली. मी घरी काय भिंतीशी खेळू, असं म्हणाले आणि पाठ फिरवून भराभर चालू लागले. आता चालायला त्यांना कसली घाई होती कोण जाणे.

घरी आणून नीट पाहिली. रबर मऊ पडलंय. मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा आहे. खळग्याच्या खाली छापील अक्षरं, अर्धी पुसलेली. चष्मा लावून वाचली. 'कंट्रोल'.

दुकानदाराने पहिल्या दिवशी पुढे सरकवलेली होती, तशीच. त्याने मुठीवरचं निदान मोठ्याने तरी वाचायचं.

उद्यापासून हीच. रोज, मनगटाविना. तूर्त तिला धूळ लागू नये म्हणून पुस्तकांना घालायचं प्लास्टिक काढलं आणि बेतून चढवायला घेतलं. कडा काही धड बसेनात. लेक दारात उभी राहून बघत होती. काढायचं असतं, असं ती या वेळी म्हणाली नाही. आत गेली आणि चिकटपट्टी आणून दिली.

खेळताना काढीन.